चौसष्ट अवजारं, एक उलथनं

मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढली आणि त्या एकतीस वर्षांत तिथून एक पानासुद्धा हरवला नाही. निवृत्त झाल्यापासून हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलंय की माझ्याबरोबर लिफ्टमध्ये शिरायला आमच्या इमारतीतले लोक कचरतात. काही जण तर चार-चार जिने चढून जातात. मला वाटायचं, तब्येतीसाठी चढतात.

इमारतीच्या मागे एक मोकळी जागा होती. मोकळी म्हणजे नावापुरती. फुटक्या विटा, तडे गेलेली बेसिनं, कुणाची तरी स्प्रिंगा बाहेर आलेली गादी आणि कमरेएवढं गवत, असा सगळा संसार तिथे मांडलेला होता. पालिकेनं आम्हाला एक वर्षाची मुदत दिली. रहिवाशांनी स्वतःच्या हातांनी तिथे बाग केली तर जागा बागेसाठी कायमची मिळणार, नाही केली तर तिथे गाड्या लावायचा तळ होणार. मजूर लावायचे नाहीत, ही पहिली अट. त्यासाठी पालिकेनं कोपऱ्यातली एक खोली आणि फावडी, कुदळी, खुरपी, घमेली धरून चौसष्ट अवजारं दिली.

या बागेची सगळ्यात जास्त गरज होती ती माझ्या ताईला. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. माझं नाक पुसण्यापासून मला शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. आता आम्ही दोघंच एका घरात राहतो. दीड वर्षापूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं की रोज सपाट जागेवर चालायचं, नाहीतर सांधा आखडेल आणि मग कायमची खुर्ची. आमच्या समोरच्या रस्त्याला पदपथ नाही आणि गाड्या अशा येतात की धडधाकट माणूसही जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतो. घरात ती ओट्यापासून खिडकीपर्यंत चालायची आणि खिडकीतून मागच्या गवताकडे बघत उभी राहायची. बाग झाली तर ताई चालणार, गाड्या आल्या तर ताई बसणार, इतकं ते साधं होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला सगळं माहीत होतं, हीच तर गंमत आहे.

अवजारं सांभाळायला कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा मी हात वर केला. दुसऱ्या कुणी केला नाही. मी याला एकमत समजलो.

खोली ताब्यात आल्यावर मी आधी भिंत पांढरी केली आणि तिच्यावर प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा काळ्या रंगानं काढली, म्हणजे कोणतं जागेवर नाही ते दारातूनच कळावं. मग अर्ज तयार केला. तीन प्रती, दोन शेजाऱ्यांच्या हमीच्या सह्या, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा. मग नियम. ओल्या मातीत अवजार द्यायचं नाही, गंज चढतो. कोरड्या मातीत द्यायचं नाही, धार जाते. म्हणजे माती नसेल तिथे अवजार न्यायला माझी मुळीच हरकत नव्हती.

पहिल्याच रविवारी तळमजल्यावरचे निवृत्त बस ड्रायव्हर कुदळ मागायला आले. अर्जात कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘खणायला’.

“हे काय कारण झालं?” मी म्हटलं. “किती खोल, किती रुंद, किती वेळ, ते लिहा.”

ड्रायव्हरसाहेबांनी भर रस्त्यात रिक्षा आडवी आल्यावर बोलतात तसलं काहीतरी म्हटलं आणि ते निघून गेले. पुढचे दोन-तीन रविवार आणखी काही जण आले, आणि मग कुणीच येईना. लोकांना शिस्त लागली, असं मी ताईला सांगितलं. इमारतीत माझं नाव ‘कुलूपकाका’ पडल्याचं मला कळलं, तेही मी कौतुकानंच घेतलं.

एका शुक्रवारी ताईनं माझ्यापुढे अर्ज ठेवला. तीन प्रती, दोन सह्या, सगळं रीतसर. ‘एक खुरपं, वाटेच्या कडेचं गवत काढायला, बसून.’

“अगं, नियम सात,” मी म्हटलं. “सत्तरीच्या पुढे अवजार नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे. उद्या लोक म्हणतील, स्वतःच्या बहिणीसाठी नियम वाकवला.”

आणि मी त्यावर शिक्का मारला, ‘नामंजूर’. शिक्का मी मुद्दाम करून घेतला होता आणि तो माझा फार आवडता होता.

ताईनं अर्जाची नीट घडी घातली आणि ती आत गेली. ताई गप्प बसली की काहीतरी शिजतंय असं समजावं, हे मला साठ वर्षांत कळायला हवं होतं. मला वाटलं, तिला पटलं.

मग मी रोज दुपारी खोली आतून लावून अवजारांना तेल लावत बसायचो आणि बाहेर काम पुढे सरकत राहायचं. गादी गेली, बेसिनं गेली, गवत हटलं, वाट दिसायला लागली. व्यवस्था चोख असली की काम आपोआप होतं, असा माझा समज. मी बाहेर आलो की बोलणी थांबायची. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मला बघून काहीतरी चमकणारं खिशात घालायचे. वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई रोज संध्याकाळी ताईला हात धरून खाली न्यायच्या. हवा खायला, असं मला सांगितलं होतं, आणि हवा खायला अर्ज लागत नसल्यामुळे मी खोलात शिरलो नाही.

त्याच सुमारास आमच्या घरात तव्यावरचं अंडं रोज फुटायला लागलं. उलथनं वाकलं होतं. “वस्तू कशी वापरायची ते तुला एकदा नीट शिकवायला पाहिजे,” मी ताईला म्हणालो. तिनं फुटकं अंडं माझ्या ताटात वाढलं आणि मीठ माझ्याकडे सरकवलं.

वर्ष संपलं आणि पालिकेच्या तपासणीच्या बाई आल्या. पायात पळायचे बूट, गळ्यात दोरीला अडकवलेलं पेन. सगळी इमारत खाली उतरली होती. बाग खरोखर छान झाली होती. गोल वाट, तिच्या कडेला मेंदीची कापलेली कुंपणं, तीन बाकं, आणि जमीन अशी सपाट की तिच्यावर पाण्याचा पेला ठेवावा. ताई मधल्या बाकावर बसली होती. बाईंनी एक चक्कर मारली, मान डोलावली आणि विचारलं, “अवजारं कुठे ठेवता?”

हाच तो क्षण, ज्यासाठी मी वर्षभर तेल लावलं होतं. मी खोली उघडली. चौसष्टच्या चौसष्ट आपापल्या काळ्या रेषेत लखलखत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर खोलीच उघडून दाखवली.

बाईंनी एक फावडं खाली काढलं. दांड्यावर दुकानाची चिठ्ठी अजून होती.

“हे कुणी वापरलं?”

“कुणीच नाही!” मी म्हटलं.

“आणि ही कुदळ?”

“छे! धार बघा ना. दुकानातून आली तशीच आहे.”

“चौसष्टपैकी एकही वापरलेलं नाही?”

“एकही नाही. एक ओरखडा दाखवा. बाई, मी कारखान्यात एकतीस वर्षं...”

मागे कुणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर लोकांना निदान धोंडा उचलावा लागतो, माझं काम नुसत्या जिभेनं झालं. बाईंनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, “रहिवाशांनी अवजारांना हात लावलेला नाही. सर्व काम मजूर लावून करून घेतल्याचं दिसतं. जागा परत घ्यावी.”

मी ताईकडे बघितलं. तिनं शेजारी ठेवलेली काठी नुसती जवळ ओढून घेतली.

मग एकदम पळापळ झाली. लोक जिन्यांकडे धावले आणि पाच मिनिटांत परत आले. ड्रायव्हरसाहेबांनी वाटेवर जॅकचा दांडा ठेवला. त्यांनी त्याची पहार केली होती. बेकरीवाल्यांनी पावाचे दोन पत्रे ठेवले, सगळी माती त्यातून वाहिलेली, कडा पार दुमडलेल्या. टेलरांनी कापडाची मोठी कात्री ठेवली. मेंदी कापून कापून तिला दाते पडले होते. गाण्याच्या बाईंनी माती चाळलेली चहाची गाळणी ठेवली. दातांच्या डॉक्टरांनी खिशातून दात साफ करायचं आकडीसारखं हत्यार काढलं आणि जरा लाजत म्हणाले, “फरशांच्या फटीतलं गवत. मुळासकट येतं.” वाटेवर अशी लांबलचक रांग लागली. अति तिथं माती म्हणतात. माझं अति इतकं झालं की माझ्या अवजारांना माती शिवलीसुद्धा नाही.

बाईंनी रांग निरखली. “मग पालिकेची अवजारं का नाही घेतली?”

आता सगळे माझ्याकडे बोट दाखवणार, म्हणून मी मान खाली घातली. पण कुणी दाखवलं नाही. ड्रायव्हरसाहेब आभाळाकडे बघत म्हणाले, “आम्हाला याचीच सवय आहे, बाई.” टेलर म्हणाले, “हातात बसतं हे.” माझ्या पाठीमागे वर्षभर माझी टर उडवणारी ही माणसं तोंडावर मला पाठीशी घालत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळ्यात शेवटी ताई उठली. काठी टेकत रांगेपाशी आली आणि पिशवीतून तिनं आमच्या घरातलं उलथनं काढलं. ते काटकोनात वाकलं होतं आणि त्याचा एक कोपरा झिजून गोल झाला होता.

“हे माझं,” ती म्हणाली. “कडेचं गवत मी काढलं. बसून काढलं, पण मी काढलं.”

“आजी, तुम्हाला साधं खुरपं नाही मिळालं?”

“अर्ज केला होता,” ताई म्हणाली.

“मी नामंजूर केला,” मी म्हटलं. “यांचे सगळ्यांचे अर्ज मीच नामंजूर केले, बाई. मजूर कुणीही लावले नाहीत. काम यांनी केलं. मी आत बसून तेल लावत होतो.”

बाईंनी पेनानं ताईकडे खूण केली. “या तुमच्या कोण?”

“ताई,” मी म्हटलं. “माझी ताई आहे ती.”

बाईंनी आधीच्या ओळीवर काट मारली आणि नवीन ओळ लिहिली. जागा बागेकडेच राहिली. जाताना त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं. “पुढच्या वर्षी मी परत येणार. तेव्हा ही अवजारं मला झिजलेली दिसली पाहिजेत. सगळी.”

दुसऱ्या दिवसापासून मी दारोदार. ज्यांना वर्षभर नाही म्हटलं त्यांच्या दारात खुरपी घेऊन उभा. डॉक्टर म्हणाले, “माझं आहे ना, बरं चाललंय.” ड्रायव्हरसाहेबांनी कुदळ उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, “किती खोल, किती रुंद, ते लिहून आणा. मग विचार करतो.” आठवडाभरानं बरीचशी अवजारं गेली, पण मोठी फावडी कुणी घेईना. मग ती झिजवायचं माझ्याच कपाळी आलं. आयुष्यभर मी फावडी दिली-घेतली, पण फावड्यावर पाय कुठे ठेवतात ते मला त्रेसष्टाव्या वर्षी बेकरीवाल्यांनी दाखवलं. पहिल्या दिवशी चार फोड आले. ते मी सगळ्या इमारतीला दाखवून आलो.

ताई रोज सकाळी वाटेवरून फेऱ्या मारते. कुणाचा हात लागत नाही तिला आता. परवा मी वळणापाशी नवीन रोपांसाठी खणत होतो आणि उकरलेली ओली माती, अर्थातच, वाटेवरच टाकत होतो. ताई वळली, काठी मातीवरून सटकली आणि ती एका गुडघ्यावर खाली आली. मी हातातलं फावडं फेकलं आणि धावलो. तिला उचललं, बाकावर बसवलं, पाय वाकवून बघितला, सरळ करून बघितला. नुसतं खरचटलं होतं. माझाच श्वास जागेवर येईना.

मग मी मागे जाऊन फावडं उचललं. ते दगडावर पडलं होतं. पात्याचा कोपरा दुमडला होता आणि दांड्याला वीतभर चीर गेली होती. मी त्या चिरेवरून अंगठा फिरवत उभा राहिलो.

“काय झालं?” ताईनं बाकावरून विचारलं.

“मोडलं.”

“हं. पण आधी माझ्याकडे आलास, मग फावड्याकडे गेलास.”

“मग?”

“काही नाही. लागला क्रम. त्रेसष्ट वर्षं लागली, पण लागला.” तिनं हात पुढे केला. “चल, उठव मला आता. अजून दोन फेऱ्या राहिल्यात.”