झेंडीताईची पाण्याची बाटली

मी बाटली. पाण्याची, स्टीलची, पोटात दीड लिटर मावेल एवढी. कारखान्यातून निघाले तेव्हा अंगावर चकाकी काय होती! महिन्याभरात दोन पोचे आले आणि सगळा नखरा उतरला. आज ऐकणारं कोणी भेटलंय, तर मनात बरेच दिवस डाचणारी एक गोष्ट सांगून टाकते.

दुकानातून मला एका म्हाताऱ्या शिंप्याने आणलं. त्यांच्या सुनेला नवी नोकरी लागली होती. रस्त्यावर पांढरे पट्टे मारणाऱ्या टोळीत ती झेंडी दाखवायची. लाल दाखवली की गाड्या थांबायच्या, हिरवी दाखवली की सुटायच्या. टोळीतले तिघे पुरुष तिला झेंडीताई म्हणत.

सासऱ्यांनी जुन्या कोटाच्या जाड कापडाचा मला अंगरखा शिवला. रोज सकाळी तो भिजवायचा, म्हणजे पाणी गार राहतं, आणि मला काठोकाठ भरून सुनेच्या हातात द्यायचं, हा त्यांचा नेम. टोपी घेतली का, मानेवर ओला रुमाल आहे का, सगळं जातीने बघत. संध्याकाळी ती बूट काढते न काढते तोच प्रश्न तयार.

"संपवलंस का पाणी?"

"संपवलं, बाबा."

मग ते मला हलवून बघत. रिकामी! म्हातारा खूश.

खरं मला एकटीला माहीत होतं. ती पाणी पीत नव्हती. ओठांना लावल्यासारखं करून मला परत पिशवीत ठेवायची, आणि घराच्या वळणावर जे झाड होतं, त्याच्या बुंध्यात उपडी करायची. बाकीची झाडं उन्हाने करपली, त्या एकाचं मात्र उखळ पांढरं झालं. सासरे फिरून आले की त्याच झाडाचं कौतुक करत, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्या पाण्याला वास येतो की काय, अशीही शंका यायची. आम्ही बाटल्या जरा मानी असतो.

मग तो दिवस आला. दुपारचे दोन. खाली डांबर तापलेलं, वर ऊन आग ओकत होतं. सकाळी तिच्या कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या, आता कपाळ कोरडं ठणठणीत. ती उभ्या जागी डुलत होती. समोर रंगाचं यंत्र आडवं असताना तिने हिरवी झेंडी वर केली.

ट्रक सुटला. यंत्रावरचा माणूस बाजूला उडी मारून वाचला. ट्रक करकचून थांबला, तो ओल्या पट्ट्यावर चाकं उमटवून.

"डोळे फुटले का तुझे?" मुकादम ओरडत धावला. पण तिचा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला. तिघांनी तिला गाडीच्या सावलीत निजवलं. एकाने बूट काढले, एकाने दवाखान्यात फोन लावला. मुकादमाने मला उचललं आणि तो चमकला. मी भरलेली होते. माझंच पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर ओतून तो रस्त्याच्या कामाच्या नकाशाने वारा घालत राहिला. एवढी घाबरले होते मी, पण त्या क्षणी पहिल्यांदाच वाटलं की आपला उपयोग झाला.

ती जरा सावरून बसली. त्याने गाडीतलं पाणी घोट घोट पाजलं. "सकाळपासून प्यायली का नाहीस, ताई?"

"पिऊन जायचं कुठं, मुकादम?" ती म्हणाली. "तुम्हाला त्या भिंतीचा आडोसा चालतो."

मुकादमाने भिंतीकडे बघितलं, मग मान खाली घातली. "इतके उन्हाळे काढले मी रस्त्यावर. पाणी बघितलं, सावली बघितली. हे डोक्यातच आलं नाही. चूक माझी."

दवाखान्यातून घरी आल्यावर तिने सासऱ्यांना झाडासकट सगळं सांगितलं. त्यांनी मला हातात घेतलं. मग म्हणाले, "मीही रोज नुसती बाटलीच हलवून बघितली गं."

हल्ली मुकादम आधी जवळच्या बेकरीत नाहीतर गॅरेजात जाऊन बाथरूमची चौकशी करतो, आणि मगच काम मांडतो. भर दुपारी काम बंद. झेंडी अर्ध्या अर्ध्या तासाने हात बदलते. मी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा संपते. झाड बिचारं रुसलं होतं, त्याला आता सासरे बादलीने पाणी घालतात.

माझ्या झाकणाचं रबर सैल झालंय, फार दिवस उरले नाहीत. जाता जाता एवढंच मागते, उन्हात राबून आलेल्या माणसाची रिकामी बाटली बघून लगेच निश्चिंत होऊ नका. आमच्या घरी संध्याकाळचा प्रश्न आता बदललाय.

"आज सोय होती ना, पोरी?"

"होती, बाबा."

मग ते मला न हलवताच धुतात आणि पालथी घालून ठेवतात.