बापाने दिलेला शब्द

अंगणात आई धुणं वाळत घालत होती आणि थोरली जमिनीवर बसून घोषणांचे फलक रंगवत होती. भरतीचा पेपर फुटल्यापासून तिच्या एका हाकेसरशी शहरातली पोरं रस्त्यावर बसत. तेवढ्यात बाप हसतच घरी आला. बाप साहेबांचा ड्रायव्हर. साहेब म्हणजे पक्ष, आणि डोक्यावरचं छप्परही पक्षाचंच. कार्यालयामागच्या दोन खोल्या.

"शब्द देऊन आलोय," तो म्हणाला. "उद्याच्या सभेत तू पक्षात यायचंस. साहेबांच्या चिरंजीवांचं नाव युवा नेते म्हणून तूच पुकारायचं."

"मला न विचारता?"

"घरच्या पोरीला काय विचारायचं?"

आपल्याकडे लग्नं अशीच ठरतात. आता आंदोलनंही ठरू लागली. जुने पक्ष रस्त्यावरच्या पोरांना घाबरलेत खरे, पण स्वतः सुधारण्यापेक्षा पोरं पळवणं त्यांना सोपं वाटतं.

"बाबा, पेपर ह्यांच्याच माणसानं फोडलाय. कुठल्या तोंडानं बोलू मी?"

"आणि राहायचं कुठे आपण? आईचं औषध, धाकटीचं कॉलेज... पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, बाळा."

 आईने फक्त घराकडे एकवार पाहिलं. थोरलीला ते बापाच्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी ती मंचावर चढली. गळ्यात पक्षाचा शेला पडला, ठरलेलं नाव तिने पुकारलं. पुढच्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. मागे उभ्या असलेल्या तिच्या सोबत्यांनी शिवीसुद्धा दिली नाही, ते नुसते निघून गेले. जिवाभावाच्या मैत्रिणीने वळूनही पाहिलं नाही. थोरली घरी आली ती आतल्या खोलीतच बसली.

पोरं आता दुसऱ्या चौकात, दुसऱ्याच कुणाच्या हाकेवर बसू लागली. मग एके दिवशी साहेब स्वतः दारात आले.

"तुझी थोरली फुसका बार निघाली रे. तिच्यामागे एक पोर आलं नाही. धाकटी तिकडे बसते म्हणे? रविवारी तिला आण."

बापाने सवयीने मान हलवली. मग त्याची नजर उंबऱ्यात उभ्या असलेल्या धाकटीवर गेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तिला विचारावं लागेल, साहेब."

"कुणाला?"

"धाकटीला. ती म्हणेल तसं."

साहेबांनी नुसता हात पुढे केला. बापाने त्यावर गाडीची किल्ली ठेवली. आई उठली आणि भांडी बांधायला लागली.

आत थोरली भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकत होती. तिला कुणीच विचारलं नव्हतं.