कान असलेली कचऱ्याची पेटी

वर्ग सुरू होऊन तीन शनिवार झाले होते आणि त्सेंगआजोबांच्या यंत्रमानवांच्या वर्गाला अजून यंत्रमानवच तेवढे हजर होते. दोन होते. दोघेही वेळेवर येत, कारण ते तिथल्याच कपाटात राहत.

तैवानमधल्या चियायी शहरातल्या त्या गल्लीच्या समाजमंदिराची वरची खोली आजोबांनी हिकमतीने मिळवली होती. चाळीस वर्षं मोटारी दुरुस्त केलेल्या माणसाने निवृत्तीनंतर कुंड्यांना पाणी घालावं, अशी गल्लीची माफक अपेक्षा. यांनी मुलांना कोडिंग शिकवायचं काढलं. दारावर पाटी लावली : 'भविष्य तुमची वाट पाहत आहे.' मुलांनी पाटी वाचली आणि भविष्याला जरा थांबायला सांगून ती कोपऱ्यावर गार चहा प्यायला गेली.

गल्लीप्रमुख लायबाई सरळ बोलायच्या. "त्सेंगभाऊ, शुक्रवारपर्यंत सहा मुलं दाखवा. नाहीतर खोली कॅरिओकेवाल्यांना. ते एकवीस जण आहेत, आणि माईक स्वतःचा आणतात."

"मुलं येतील हो."

"कुठून? कपाटातून?"

आजोबा तडक घरी आले. त्यांनी कचऱ्याची चाकांवरची पेटी पुढे ओढली. ही त्यांची खाजगी सोय. संध्याकाळी साडेसहाला घंटागाडी आपलं गाणं वाजवत गल्लीत शिरते आणि जो तो हातात पिशवी घेऊन रस्त्यावर उभा राहतो. आजोबांचे गुडघे हल्ली गाडी निघून गेल्यावर उठायचे. म्हणून त्यांनी पेटीला कान बसवला होता : गाणं ऐकू आलं की पेटीने कचरा घेऊन आपणहून दारात जावं.

सोमवारी पेटी चोख गेली. मुलांनी फोनमधून मान वर केली, बघितलं, मान खाली घातली.

मंगळवारी ती दुपारी चार वाजताच निघाली. घंटागाडीचा पत्ता नाही, आणि ही आपली दोन पिशव्या घेऊन समोरच्या घराच्या पायरीशी अदबीने उभी. आजोबांनी आत आणली, तर पाच मिनिटांनी पुन्हा तिथेच. तिसऱ्या खेपेला गल्लीतली चार पोरं तिच्या मागून चालत होती.

समोरची खिडकी उघडली. आत पियानो, आणि खिडकीत बारा वर्षांची पेई-चेन, लालबुंद.

"आजोबा! माझं वाजवणं म्हणजे कचरा आहे का?"

झालं होतं असं, की परीक्षेसाठी तिला नेमून दिलेली धून आणि घंटागाडीचं गाणं एकच. पेटीचा तरी काय दोष? शेजारच्या दोन म्हाताऱ्याही पिशव्या घेऊन बाहेर आल्या होत्या आणि गाडी नाही म्हणून नगरपालिकेला नावं ठेवत होत्या.

"अगं, तिला फरक कळत नाही," आजोबा म्हणाले.

"मला कळतो! गाडी कधी चुकत नाही. मी सातव्या सुराला दरवेळी अडखळते."

"मग पेटीला तेच सांग ना," काय-लुन नावाचा पोरगा म्हणाला. "अडखळली तर पेई-चेन. घरात बस."

"आणि मी बरोबर वाजवलं तर रे, शहाण्या?"

"तर कचरा टाकायला जायचं!"

पोरं हसून लोळायची बाकी राहिली. पेई-चेन मात्र हसली नाही. चप्पल घालून खाली आली आणि पेटीसमोर उकिडवी बसली. "हिला सांगतात कसं? दाखवा."

एवढ्या प्रश्नासाठी आजोबांनी तीन आठवड्यांची भाषणं तयार ठेवली होती. त्यातलं एकही त्यांना आठवलं नाही. "समाजमंदिराच्या वरच्या खोलीत जागा आहे," इतकंच म्हणाले.

बुधवारी पेटीने मोटारसायकलच्या हॉर्नला मान दिला. गुरुवारी ती कशालाच हलली नाही आणि त्यावरून काय-लुन आणि पेई-चेनचं असं वाजलं, की दोघांनी आपापलं म्हणणं वेगवेगळं लिहून पेटीवर चालवून बघितलं. दोघंही चुकले. पाटीवरचं वाट पाहणारं भविष्य कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी लायबाई नावांचा कागद बघायला जिना चढल्या. कागद कोरा होता. आजोबांनी तो तीनदा पुढे केला होता; पोरं "हो हो, नंतर" म्हणाली होती.

"नावं कुठायत, त्सेंगभाऊ?"

"श्श!" पेई-चेनने मागे न बघताच हात वर केला. "बोलू नका. ती ऐकतेय."

लायबाई गप्प राहिल्या. अकरा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांना गप्प करणारं हे पहिलंच माणूस. खाली कोपऱ्यावर घंटागाडी वळली, गाणं खिडकीतून आत आलं. पेटी थरथरली, दाराकडे निघाली, आणि खोलीत असा काही आरडाओरडा झाला की घंटागाडीवाल्याने वर बघितलं.

लायबाईंनी मान वळवून दाराबाहेरच्या चपला मोजल्या. पाच जोड लहान. सहावा मोठा, टाचेला झिजलेला. त्यांनी आजोबांच्या अनवाणी पायांकडे बघितलं. आजोबा छताकडे बघत होते.

"सहा," लायबाई म्हणाल्या, आणि कागदावर तसं लिहून त्या कॅरिओकेवाल्यांना तोंड द्यायला जिना उतरल्या.