मास्तरांचा काही त्रास नाही

सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना शेजारच्या काकूंनी पुन्हा तोच विषय काढला. "नशीबवान आहेस बाई. सासरा मिळावा तर असा! घरात आहे की नाही, तेसुद्धा कळत नाही."

मास्तरांच्या सुनेनं ओला टॉवेल झटकला आणि हसली. "हो ना. बाबांचा काही त्रास नाही."

"आमच्या आजीही तशाच," काकू म्हणाल्या. त्यांच्या सासूला सगळा मजला आजी म्हणे. "कोपऱ्यात पडून असतात. हाक नाही, मागणं नाही."

त्या इमारतीत म्हाताऱ्यांना पारखायचं हे एकच माप होतं. कुणाचा म्हातारा कमी खोकतो, कमी बोलतो, कमी मागतो. जो सगळ्यात कमी, तो सगळ्यात गुणी. लहान मुलानं चार घास जास्त खाल्ले तर कौतुक होई, आणि म्हाताऱ्यानं चार घास कमी खाल्ले तरी कौतुकच होई. सुनेलाही ते कौतुक गोड लागे. जणू मास्तरांना तिनंच तसं वळण लावलं होतं.

मास्तर म्हणजे जुने शिंपी. रस्त्यानं चालणाऱ्या माणसाकडे नुसतं बघून त्याच्या छातीचं माप सांगत. मुलानं दुकान हातात घेतलं, तयार कपडे ठेवले आणि शिलाई बंद केली. "बाबा, आयुष्यभर राबलात. आता आराम करा," तो म्हणाला. बोलणं मनापासूनचं होतं. शिलाई मशीन घरी आलं, पॅसेजमध्ये भिंतीला लागलं, आणि त्याच्यावर टीव्ही बसला. टीव्हीसमोर खुर्ची, खुर्चीत मास्तर. आराम म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही.

बायको जाऊन वर्षं झाली होती. कारण नसताना हाक मारणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

एकदा दुपारी दूध कमी पडलं. सून ओट्याशी स्वतःशीच पुटपुटली, "आता परत कोण खाली उतरणार?" दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी दुपारचा चहा सोडला. पित्त होतं म्हणाले. मग रात्रीचं ताट अर्ध्यावर आलं. मग सकाळचं.

"बाबा, एवढंच?" एकदा तिनं विचारलं होतं.

"बसून खाणाऱ्याला किती लागतं?" मास्तर म्हणाले.

मुलगा मोठ्यानं हसला. "बाबांची गाडी अ‍ॅव्हरेज जबरदस्त देते हो! थेंबभर पेट्रोलवर दिवसभर चालते."

सगळे हसले. मास्तरही हसले. हसताना त्यांनी ताटातला उरलेला घास हळूच बाजूला सारला.

ते वाळत चालले होते, आणि ते कुणाच्या डोळ्यांना दिसलं नाही. ही आंधळी माणसं नव्हती, कपड्यांच्या धंद्यात वाढलेली माणसं होती. अंगावर कपडा नीट बसला आहे ना, मग आतला माणूस ठीक आहे, हे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. मास्तरांचा शर्ट नेहमी मापात. खांदा खांद्यावर, कॉलर मानेला. महिन्यातून एकदा येणारी मोठी लेक म्हणे, "बाबा बघा कसे टापटीप! नाहीतर माझे सासरे, कपड्यांत पोहत असतात." दुपारी मास्तर सुई-दोरा घेऊन बसत. काय करताय विचारलं, तर म्हणत, "बटण लावतोय."

त्याच दिवशी, काकूंचं कौतुक ऐकून सून घरात आली, तेव्हा मास्तर खुर्चीतून कलंडले होते. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. तिनं दुकानात फोन केला. मुलगा धावत आला आणि त्यानं बापाला उचललं. उचलताना तो मागे कोलमडला. हाताला ओझं लागेल म्हणून त्यानं जोर लावला होता, आणि ओझं नव्हतंच.

दवाखान्यात सिस्टरनं शर्टाची बटणं काढली आणि क्षणभर तिचा हात थांबला. मुलानं मान फिरवली. छातीची हाडं लांबूनही मोजता आली असती. सिस्टरनं शर्ट पिशवीत घालून सुनेच्या हातात दिला.

सलाईन लागलं होतं. बाकावर बसल्या बसल्या, हाताला चाळा म्हणून, सुनेनं तो शर्ट बाहेर काढला आणि उलटा केला. दोन्ही बाजूंना शिवणीच्या आत आणखी एक शिवण होती. तिच्या आत आणखी एक. मग आणखी. जुनी टीप उसवलेली, नवी घातलेली, टाके बारीक, एका ओळीत. काखेपासून खालपर्यंत माणूस आत आत सरकत गेला होता. खांदे उसवून पुन्हा बसवले होते. इतकं देखणं काम तिनं त्यांच्या हातचं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

तिनं शर्टाची घडी घातली आणि पिशवी छातीशी धरली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना शुद्ध आली. डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या. "यांचं जेवण कधीपासून कमी झालं?"

मोठी लेक निरोप मिळताच धावत आली होती. तीच आधी बोलली. "वय झालंय हो. भूकच मेली त्यांची."

"तोंडाला चव नसते," मुलगा म्हणाला.

आणि मास्तरही क्षीण आवाजात म्हणाले, "भूकच लागत नाही बाई. उगाच तुम्हाला सगळ्यांना त्रास."

तिघांचं एकमत झालं होतं. आता कागदावर 'वय' लिहायचं आणि घरी जायचं, एवढंच बाकी होतं. सुनेनं पिशवीतून शर्ट काढला आणि उलटा करून खाटेवर पसरला.

"भूक मेलेला माणूस रोज शर्ट आत घेत नाही," ती म्हणाली. "बाबा लपवत होते. आम्हाला कळू नये म्हणून."

"अगं, काय बोलतेस?" नणंद कडाडली. "घरची लक्तरं दवाखान्यात पसरतेस? उद्या लोक म्हणतील, लेकानं बापाला उपाशी ठेवलं!"

"गप्प बस," नवरा दात आवळून म्हणाला. "पाया पडतो, गप्प बस."

"गप्पच होते की आपण," सून म्हणाली. "म्हणून तर हे झालं."

डॉक्टरीणबाईंनी शिवणींवरून बोट फिरवलं. मग स्टूल ओढून मास्तरांच्या उशाशी बसल्या. "मास्तर, सरळ विचारते. जगावंसं वाटत नाही का तुम्हाला?"

मुलगा दचकला. असं कुणी विचारतं का? पण मास्तर दचकले नाहीत. त्यांनी नजर छताकडे वळवली.

"मशीनवर टीव्ही ठेवला," ते म्हणाले. "चांगली जागा मिळाली त्याला. मला कुठं ठेवणार? कुणाला दोष नाही. म्हटलं, आवाज न करता कमी कमी होत जावं."

लेक तोंडात पदर कोंबून रडू लागली. डॉक्टरीणबाई सगळ्यांना घेऊन बाहेर आल्या, तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"तरुण पोरगं जेवायचं बंद झालं तर तुम्ही रात्रंदिवस त्याच्यापाशी बसाल. म्हातारा बंद झाला की आपण म्हणतो, वय झालं. आम्ही डॉक्टरही तेच लिहितो. हा हळूहळू केलेला जीव देण्याचा प्रयत्न आहे. मनाचा आजार आहे, त्याला औषध आहे. पण औषध एकटं पुरत नाही. रोज कुणीतरी ताटासमोर बसा, आणि त्यांना एकटं सोडू नका."

मास्तर घरी आले. टीव्ही भिंतीवर गेला. मनाच्या डॉक्टरांकडे चकरा सुरू झाल्या. बातमी इमारतीत पोचायला वेळ लागला नाही, आणि व्हायचं तेच झालं. जिन्यात बायका सुनेला बघून आवाज खाली आणू लागल्या. "वरून गोड, आतून विळा. सासऱ्याला उपाशी मारत होती म्हणे." नणंदेनं बोलणं टाकलं. नवरा जेवताना मान वर करीनासा झाला. आणि जी माणसं मास्तरांचं कौतुक करत होती, त्यांतलं एकही भेटायला आलं नाही.

मास्तरांचा हात आता थरथरतो. सुईत दोरा सून ओवून देते. सगळेच दिवस चांगले जात नाहीत. कधी ते भिंतीकडे तोंड करून पडतात, आणि ती काही न बोलता शेजारी भाजी निवडत बसते. पण परवा पहिल्या घासाला त्यांनी ताट सरकवलं आणि कपाळाला आठी घातली.

"भाजी आहे की मिठागर? आणि चहा दे. चहाच दे, सकाळसारखं पाणी नको."

"घ्या," मुलगा वैतागला. "झाला यांचा त्रास सुरू."

"होऊ दे," सून म्हणाली, आणि डोळे पुसत आधण ठेवायला उठली. दूध नव्हतं. पिशवी घेऊन ती खाली उतरायला निघाली.

गॅलरीत काकू फोनवर कुणाशी तरी बोलत होत्या. "छे गं, आमच्या आजींचा काही त्रास नाही. आता तर जेवणसुद्धा नको म्हणतात. अगदी गुणी."

सुनेचा पाय पायरीवर अडला. आत गेलं तर शिव्या मिळणार, हे तिला ठाऊक होतं. इमारतीत तिच्याशी बोलणाऱ्या एकट्या काकूच उरल्या होत्या, त्याही तुटणार होत्या.

ती मागे वळली आणि काकूंच्या दाराची कडी वाजवली. दार उघडलं.

"काय गं?"

"तुमच्याकडे नाही आले काकू," ती म्हणाली. "आजींना विचारायला आलेय. बाजूला व्हा."