रबराचा तळ

माझं चप्पल-बूट दुरुस्तीचं दुकान. वरच्या मजल्यावर बचाता नाचाचा क्लास. रोज संध्याकाळी तोच ठेका डोक्यावर पडायचा, तीन पावलं आणि चौथ्याला टप्. त्यावर बारीक गिटार आणि रडक्या गोड गळ्याचा कुणीतरी. भाषा कळायची नाही. बायको म्हणायची, "रडतोय मेला, पण पाय ठरू देत नाही."

पन्नाशीत ती वर जायला लागली.

"गुडघे कुरकुरतात आणि कंबर हलवायला निघालीस," मी म्हणालो.

"मग तुम्ही चला. पुरुष कमी पडतात तिथे."

मी गेलो नाही. तिने नाचाचे बूट आणून दिले. "उलट्या चामड्याचा तळ लावा. गिरकी घेताना पाय सरकला पाहिजे."

मी रबर लावलं. मुद्दाम. रबर फरशी सोडत नाही. आठ दिवसांत कंटाळून घरी बसेल, असं वाटलं. ती त्याच बुटांत पाच महिने नाचली, मला एका शब्दाने बोलली नाही. मग आजारी पडली आणि गेली.

दीड महिन्याने मी रबर खरवडून काढलं, उलटं चामडं लावलं आणि बूट घेऊन वर गेलो. तिला कळलं होतं का, एवढंच विचारायचं होतं. कळलं नसेल तर मला झोप लागली असती.

गाणं संपलं की तिथे बायका एकेक जागा पुढे सरकतात, जोडीदार बदलतो. शिकवणाऱ्या बाईंनी हातातले बूट ओळखले. म्हणाल्या, "काका, तुम्हीच का ते? ती प्रत्येक जोडीदाराला सांगायची, जरा जपून फिरवा, तळाला नवरा चिकटलाय."

मागे कुणीतरी हसलं. "अजूनही कुणाचा पाय अडला की आम्ही म्हणतो, नवरा लागला."

"मग तिने तळ बदलून का घेतला नाही?" मी बाईंना विचारलं.

"मीही विचारलं. म्हणाली, ज्यांनी लावलाय ते काढतील. रोज वाट बघत होती."

एका बाईने माझ्या हातातले बूट घेतले. तिच्या मापाचे निघाले. गाणं लागलं. तीन पावलं, टप्, आणि ती गरकन फिरली.

"सुटला बाई नवरा," ती म्हणाली. सगळे हसले.

तळ मी चांगला लावला होता.