एका प्रवाळाची वीतभर जागा

मित्रांनो, मला पाहून कुणी दगड म्हणतं, कुणी समुद्रातलं झाड. पण मी प्राणी आहे, प्रवाळ. माझ्या कडक सांगाड्यावर मऊ मांसाची शेकडो बोटं आहेत. बरं वाटत असेल तर ती पाण्यात डोलतात. भीती वाटली की मी ती आत ओढून घेतो.

१९९९ साली हुसेनभाईंनी मला बहरीनहून रत्नागिरीला, राजिवड्याच्या घरी आणलं. बावीस वर्षं त्यांनी जहाजांच्या इंजिनांजवळ काढली होती. घरी परतले ते काचेच्या टाकीत समुद्री जीव पाळायचं वेड घेऊनच. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बसून मी विमानाने आणि मग एसटीने आलो. माझ्या थर्मासमध्ये घरच्या टाकीचं पाणी वाटी वाटी घालत ते दोन तास बसून राहिले. मग ट्यूबच्या उजेडापासून दूर, खालच्या कपारीशी मला टेकवलं. आरे-वारेच्या किनाऱ्यावरून ते समुद्राचं पाणी कॅन भरभरून आणत. मी फुललो. शेजारपाजारचे लोक मला बघायला येत. नसीमाभाभी मात्र टाकीकडे फारशा फिरकत नसत. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करण्यातच त्यांचा दिवस जाई.

पुढच्या पावसाळ्यात हुसेनभाईंच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला. धाकटा भाऊ अद्नान त्यांना मुंबईला ऑपरेशनला घेऊन गेला. सासूमुळे भाभींना घरीच थांबावं लागलं.

निघताना हुसेनभाई म्हणाले, "पाणी आटेल तेवढं गोडं पाणी घाल. त्याला हात लावू नको."

दोन दिवस भाभींनी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मनात आलं, की हे अधू नजरेने परत येतील, तळाशी असलेलं प्रवाळ त्यांना कसं दिसणार? म्हणून त्यांनी मला वीतभर उचललं आणि वरच्या दगडावर, ट्यूबखाली, पंपाच्या तोंडासमोर ठेवलं. मायेने ठेवलं हो! पण माझं अंग भाजू लागलं. पाण्याचा झोत मांस सोलू लागला. मी आक्रसून गेलो.

संध्याकाळी फोन वाजला. "फुललंय का गं?"

"हो. छान आहे," भाभी म्हणाल्या. त्यांचे डोळे माझ्यावरच होते.

दुसऱ्या दिवशीही त्या तसंच म्हणाल्या. अद्नानने बजावलं होतं, "भाभी, भाईच्या जिवाला घोर लावू नका. डॉक्टरांनी सांगितलंय." त्या जेवायला बसत आणि ताट तसंच ठेवून टाकीपाशी येत. मला बोलता येत असतं तर एवढंच म्हणालो असतो, मला खाली ठेवा. पाचव्या दिवशी माझी एक बाजू पार पांढरी पडली.

त्या संध्याकाळी फोन वाजताच भाभी म्हणाल्या, "मी खोटं बोलले तुमच्याशी. त्याला मी वर ठेवलं. तुम्हाला दिसावं म्हणून. ते मरायला लागलंय."

पलीकडून हुसेनभाई सावकाश सांगू लागले.

"रडू नको. आधी हात धू. साबण लावू नको. दगडाला धर, मांसाला नको. होतं तिथंच ठेव. आणि पंपाचं तोंड काचेकडे फिरव."

रिसीव्हर खांद्याशी दाबून त्यांनी सांगितलं तसं केलं.

"आता उद्या परत हलवू नको. थांब फक्त."

थांबणं फार कठीण गेलं. मध्ये वादळाने वीज गेली, तेव्हा पाणी कोंडू नये म्हणून भाभी चार तास मगाने पाणी ढवळत बसल्या. अकराव्या दिवशी मी एक बोट बाहेर काढलं. भाभींनी काचेवर तळहात टेकला आणि सासूला हाक मारून सांगितलं, "अम्मी, जिवंत आहे!"

हुसेनभाई परतले. डाव्या डोळ्याला नुसता धूसर उजेड कळत होता. उजवा डोळा काचेला लावून त्यांनी मला निरखलं. माझा उघडा पडलेला सांगाडाही त्यांना दिसला.

"नसीमा, उद्यापासून टाकी तू बघ," ते म्हणाले. "तुला त्याचं दुखणं कळतं."

आज मी भाभींच्याच हाताखाली वाढतो आहे. मित्रांनो, नाजूक जिवाला कुठे ठेवायचं ते आपल्या मायेला विचारू नका, त्या जिवाकडे बघून ठरवा. चूक झाली तर त्याच संध्याकाळी सांगून टाका. माझं अर्धं अंग कुणाच्या दुष्टपणाने गेलं नाही. दोन संध्याकाळी "छान आहे" म्हटलं गेलं, तेवढ्यात ते गेलं.