सातव्या मिनिटातली चार सेकंदं

पेन्सिलीचं शिसं तुटलं होतं, पण खाली पडलं नव्हतं, लाकडाच्या खोबणीत तसंच डुगडुगत उभं होतं... मॅरियनने ते नखाने दाबून पाहिलं. पुढ्यात स्वरलिपीचं नववं पान. उद्या सगळी पानं छापायला जायची, आणि या एका पानावर मधोमध दोन बोटं जागा अजून कोरी.

"इथे मी चार सेकंदं थांबते," चहाचा कप खिडकीत ठेवत टॅम्सिन म्हणाली. शनिवारी मॅरियनचं हे जुनं गाणं तीच गाणार होती. मॅरियनचा गळा आता अकरा मिनिटं टिकत नसे. "रेकॉर्ड ऐकून ऐकून मोजलीत. पण मॅरियन, ती शांतता श्वास रोखून हवी, की सोडून?"

"काय फरक पडतो?"

"काय फरक पडतो! अहो, त्या चार सेकंदांसाठी तर हे गाणं शिकायला घेतलं मी."

खरंच होतं तिचं. गाण्यावर लिहिणारा प्रत्येक जण तिथेच येऊन थांबायचा. त्या शांततेत बंद पडलेल्या गिरण्या ऐकू येतात, असं एकाने लिहिलं होतं – ते कात्रण मॅरियनने जपून ठेवलं. मुलाखतीत कोणी विचारलं की ती नुसती हसायची, आणि त्या हसण्यावर दौरे मिळाले, शिष्य मिळाले, चाळीस वर्षं निघाली.

चाळीस वर्षांपूर्वी हाच चॅपलचा हॉल, याच खुर्च्या. पहिल्या रांगेत मॅरियनची आई, डोक्यावर लग्नाकार्याची टोपी. नेल्सन गावच्या कापडगिरणीत तिने एकतीस वर्षं माग चालवले. तिथल्या खडखडाटात कानाला काही ऐकू येत नसे, म्हणून बायका ओठांनीच बोलायच्या – तोंड मोठ्ठं करून, आवाज न काढता – आणि चार मागांपलीकडची बाई ते वाचून हसायची. मग बसच्या थांब्यावर, प्रार्थनेच्या वेळी, रस्त्याच्या पलीकडूनसुद्धा तसंच. गाणं या बायकांवरच रचलेलं : मागावर इकडून तिकडे पळणारा धोटा, यंत्राच्या पट्ट्यांची घरघर, सगळं एका गळ्यातून. सातव्या मिनिटाला धोटा भरात आला होता, ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर टेप फिरत होती, आणि पहिल्या रांगेत आईचे ओठ हलले, अगदी स्पष्ट – परकर दिसतोय तुझा.

मॅरियन थांबली. हात फ्रॉकच्या काठाकडे गेला. चार सेकंदं.

"अख्ख्या हॉलसमोर, आई?" परतताना बसमध्ये मॅरियन म्हणाली.

"मग अख्ख्या हॉलने बघत बसायचं होतं का? आणि मी आवाज कुठे केला?"

त्यानंतर मॅरियन तिच्याशी धड बोलली नाही. त्याच वर्षी हिवाळ्यात आई गेली. पुढे प्रत्येक कार्यक्रमात ती जागा मॅरियन न थांबता गायली... रेकॉर्डवर मात्र ती चार सेकंदं राहिलीच.

"ती शांतता मी रचलेली नाही," मॅरियन म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं.

टॅम्सिन आधी खदखदून हसली. "परकर! बरं झालं, मी पँट घालते." मग तिचा चेहरा उतरला. "म्हणजे काढायची?"

काढली, तर गाणं मूळ रचलं होतं तसं होईल. ठेवली, तर चाळीस वर्षांचं ते फसवं हसणं तिच्या नावाने छापलं जाईल.

"गा एकदा. बसवलंयस तसंच."

पान मांडीवर घेऊन मॅरियन पहिल्या रांगेत जाऊन बसली. टॅम्सिनचा गळा कोवळा होता, पण धोटा नेमका धावला. पट्टे घरघरले, वेग चढत गेला, आणि सातव्या मिनिटाला ती थांबली – डोळे उघडे, मान ताठ. तिचा स्वेटर उलटा होता. गळ्यापाशी शिवण आणि दुकानाची पांढरी चिठ्ठी बाहेर आली होती.

मॅरियनला कळलं तेव्हा तिचे स्वतःचेच ओठ हलून झाले होते – मोठ्ठे, स्पष्ट, आवाजाशिवाय. टॅम्सिन त्या ओठांकडे आदराने बघत राहिली; तिला ते वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना आलं असतं त्यांच्यातलं आता गावात कोणी उरलं नव्हतं. मॅरियनने आतल्या आत तो जुना राग चाचपून पाहिला. त्याच्या जागी फक्त काळजी लागली हाताला – पोरीची शोभा होऊ नये, एवढीच.

चार सेकंदं भरली. टॅम्सिन पुढे गाऊ लागली. ती चार सेकंदं लिहायला मॅरियनने पेन्सिल कोऱ्या जागेवर टेकवली. सैल शिसं तेवढ्यानेही हललं, आणि तिचे ओठ अजून मिटले नव्हते.